हिवाळ्यातील मरगळ : ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की सकाळी अंथरूण सोडवत नाही, सतत गोड खावेसे वाटते, कामात मन रमत नाही, आणि मग अनेकजण 'मला विंटर डिप्रेशन आहे' असे निदान स्वतःच करून मोकळे होतात. पहिली चूक इथेच घडते. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली अमेरिकेत ज्या ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले, ते प्रामुख्याने विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत आढळते. लंडनमध्ये वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम 8 तासांचा असतो, तर ठाण्यात तो सुमारे 11 तासांचा असतो.

तरीही इथे मरगळ येते, याचे एक कारण आपल्या दिनक्रमात सापडते. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. घोडबंदर रोडवरून अंधारातच निघून ऐरोली किंवा महापेच्या वातानुकूलित ऑफिसात दिवस काढणाऱ्याला ऊन दिसते ते काचेपलीकडे. 'ऑफिसात दिवे भरपूर आहेत' हे समाधान फसवे आहे, कारण तिथला प्रकाश साधारण 300 ते 500 लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक), तर भर उन्हातला 50,000 लक्सच्या वर असतो. डोळे या फरकाशी सहज जुळवून घेतात, त्यामुळे तो जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला तो कळतो. म्हणून सकाळी 20 ते 30 मिनिटे उपवन, तलावपाळी किंवा वाशीच्या सागर विहारसारख्या मोकळ्या जागी चालावे, आणि ते जमत नसेल तर निदान डबा खाऊन झाल्यावर इमारतीबाहेर पडावे. (आमच्या सोसायटीत गच्चीला बारमाही कुलूप असते; किल्ली मिळवण्यासाठी केलेले तीन अर्ज हा माझा हिवाळी व्यायाम.)

खिडकीच्या काचेआड बसून 'ड' जीवनसत्त्व मिळते, हाही गैरसमज आहे. त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. उलट, रक्ततपासणी न करता 60,000 युनिटची पुडी आठवड्यामागून आठवडे घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम घातक प्रमाणात वाढू शकते. ऋतुजन्य नैराश्यावर प्रकाशाने उपचार करण्यासाठीचा दिवा 10,000 लक्सचा असतो, साधा टेबललॅम्प त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय बायपोलर विकार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) किंवा डोळ्यांचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. झोपेबाबत म्हणाल, तर शरीराचे घड्याळ बिघडू नये म्हणून रविवारी अकरापर्यंत झोपणे टाळावे, एवढे सांगितले तरी पुरे.

इतके करूनही फरक पडत नसेल तर हिवाळ्याला दोष देत बसू नये. थायरॉईडचे कार्य मंदावल्यावरही थंडी सोसत नाही, वजन वाढते आणि मन खिन्न राहते, म्हणून थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावे. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटत असेल किंवा आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा, घरच्यांना सांगावे आणि एकटे राहू नये.

शेवटची चूक सहसा फेब्रुवारीत होते. ऊन तापू लागते, बरे वाटते, आणि नैराश्यावरची चालू असलेली गोळी परस्पर बंद केली जाते. अशाने चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात आणि नैराश्य उलटण्याचा धोकाही असतो. तेव्हा गोळी कधी आणि किती कमी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.