अमेरिकेच्या साउथमधल्या वकील पूर्वजाचा माग काढताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांमधे आता जावई-सुना इथल्या आहेत. नातवंडं शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट करतात आणि मग एका बाजूला आपला छापील कुलवृत्तांत असतो आणि दुसऱ्या बाजूला जॉर्जिया नाहीतर अलाबामातले कुणी खापरपणजोबा, "वकील होते, कर्नल होते, भरपूर जमीन होती" एवढीच माहिती असलेले. माझा जावई जॉर्जियाचा, त्याच्या घरचे कागद लावता लावता मी यात पडले. आता ओळखीतले लोक आपापले ट्री पाठवतात आणि त्याच त्याच चुका बघून जीव मेटाकुटीला येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक, आणि ती वकिलांच्या बाबतीत हमखास होते: कागदावर नाव दिसलं की तो त्याच्याच आयुष्याचा कागद समजणं. अहो, तो वकील होता! त्याचं नाव काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निम्म्या कागदांवर असणारच. कुणाच्या मृत्युपत्राला साक्षीदार, कुणाच्या इस्टेटीचा ॲडमिनिस्ट्रेटर, कुणाच्या मुलांचा गार्डियन, कुणाच्या कर्जापोटी ट्रस्टी म्हणून जमीन काही दिवस याच्या नावावर. शिवाय त्या काळी जज एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत कोर्ट भरवत फिरायचा आणि वकीलमंडळी त्याच्या मागोमाग, त्यामुळे चार काउंट्यांच्या रजिस्टरात नाव सापडलं म्हणून तो चार ठिकाणी राहिला असं होत नाही.

जावयाच्या घराण्यातल्या वकीलसाहेबांना ऑनलाइन कुणीतरी एका मोठ्या जमीनदाराचे जावई करून टाकलं होतं. पुरावा काय, तर सासरा म्हणून दाखवलेल्या माणसाची इस्टेट यांनी वाटली. पुढे शेकड्यांनी लोकांनी ते कॉपी केलं आणि मग "इतक्या ट्रीमधे आहे म्हणजे खरंच असणार" हा युक्तिवाद सुरू. कुणीही मूळ कागद बघायचे कष्ट घेतले नव्हते. कोर्टहाउसमधे त्या इस्टेटीचं पाकीट होतं, तिहेरी घडी घातलेले सुटे कागद, फितीने बांधलेले, घडीवर धूळ आणि आत अक्षर एकदम ताजं. त्यात वाटणीच्या पावत्या होत्या. लग्न झालेल्या मुलींचा हिस्सा त्यांचे नवरे सही करून घेत, आणि पाचही जावयांच्या सह्या तिथे होत्या. वकीलसाहेबांच्या नावावर फक्त कमिशन! नातं काहीही नाही. माझी सवय अशी की कुठलाही कागद हातात आला की आधी कडेला लिहायचं, हा माणूस इथे कोण म्हणून आलाय. मालक, वारस, साक्षीदार, जामीन की नुसता वकील. हे लिहिल्याशिवाय ट्रीला हात लावायचा नाही.

दुसरी, माझी खास चीड आणणारी चूक म्हणजे फॅमिली बायबल डोळे मिटून खरं मानणं. साउथच्या जुन्या घरांमधे जाडजूड बायबल असतं, ओल्ड आणि न्यू टेस्टामेंटच्या मधल्या पानांवर लग्नं, जन्म, मृत्यू लिहिलेले. लोक तेवढ्या पानांचा फोटो काढून मोकळे होतात. छपाईचं साल विचारलं की गप्प. जावयाच्या मावशींकडच्या बायबलात वकीलसाहेबांचं लग्न १८३४ चं आणि थोरल्या मुलाचा जन्म १८३५ चा. मावशींची ठाम समजूत की वकीलसाहेबांच्या बायकोने जसजसं घडलं तसतसं हे स्वतः लिहिलं. मी टायटल पेज उघडायला लावलं तर छपाई १८७२ ची. मग नोंदी निरखून पाहिल्या. १८३४ च्या लग्नापासून सिव्हिल वॉरनंतरच्या मृत्यूंपर्यंत एकच हात, एकच शाई, अक्षराचा कलसुद्धा तोच, आणि त्यापुढच्या नोंदी मात्र वेगवेगळ्या शाईतल्या. म्हणजे कुणीतरी एका बैठकीत आठवून उतरवलेलं.

काउंटीच्या मॅरेज बुकात हे लग्न निघालं १८३६ चं. थोरला मुलगा पहिल्या बायकोचा होता आणि ती बाळंतपणानंतर लवकरच गेली होती. बायबलात तिचं नावसुद्धा नाही. तिचा दगड तिच्या माहेरच्या शेतातल्या छोट्याशा स्मशानात सापडला, वकीलसाहेबांची पत्नी म्हणून स्पष्ट कोरलेला. एका तारखेची सरकवासरकव करून एक अख्खी बाई घराण्यातून पुसली गेली आणि पुढच्या पिढ्यांनी तेच पान फ्रेम करून भिंतीवर लावलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा बायबलाचा पहिला फोटो टायटल पेजचा, मग नोंदींची सगळी पानं, कोरी असली तरी, आणि आत खोचलेले कागद, कात्रणं, जे असेल ते.

एकाच नावाची दोन माणसं. नातवाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत आपल्याकडे आहे तशीच तिथेही, त्यामुळे चुलतभावांची नावं सर्रास सारखी. वर ज्युनियर लिहिलं की लोक लगेच बापलेक जोडतात. त्या काळात गावात एकाच नावाचे दोघं असले की वयाने लहान तो ज्युनियर, मग तो पुतण्या असो की परका, आणि थोरला वारला की ज्युनियर गळूनही पडायचं. बायकांची नावं बघा, शेजाऱ्यांची नावं बघा, टॅक्सच्या यादीत जमीन कुठल्या ओढ्यावर आहे ते बघा. सह्या जुळवायच्या तर डीड बुकात (खरेदीखतांच्या रजिस्टरात) जुळवू नका, तिथे सगळं क्लार्कने उतरवलेलं असतं, "सही"सुद्धा त्याच्याच हातची. खरी सही सुट्या कागदांवर.

काउंटीच्या सीमा न तपासणं. कॉन्फेडरेसीचे, म्हणजे सिव्हिल वॉरमधे अमेरिकेतून फुटून निघालेल्या साउथच्या राज्यांचे, व्हाइस प्रेसिडेंट अलेक्झांडर स्टीव्हन्स हे क्रॉफर्डव्हिलचे वकील, आज ते गाव टॅलिआफेरो काउंटीत आहे, पण ही काउंटी झाली १८२५ मधे आणि स्टीव्हन्स जन्मले १८१२ मधे, तेव्हा तो भाग विल्क्स काउंटीत होता. म्हणजे आधीचे कागद विल्क्समधे शोधायचे. आणि तिथले लोक टॅलिआफेरोचा उच्चार करतात टॉलिव्हर, त्यामुळे जुन्या पत्रात कानावर पडलं तसं लिहिलेलं सापडलं तर दुसरी काउंटी समजू नका.

लॉ कॉलेज शोधत बसणं. बहुतेकांनी एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसून किंवा घरी पुस्तकं वाचून कायदा शिकला. स्टीव्हन्सनीही थोडेच महिने अभ्यास करून १८३४ मधे वकिली सुरू केली. लायसन्सची नोंद कोर्टाच्या मिनिट्समधे, म्हणजे कामकाजाच्या वहीत मिळते, जॉर्जियात सुपिरियर कोर्टाच्या.

कर्नल. साउथमधे वकिलाला मानाने कर्नल म्हणायची रीतच होती. मिलिटरी रेकॉर्ड दाखवा, मगच ट्रीमधे घाला.

सेन्सस १८५० च्या आधीचा असेल तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि नातं काय ते १८८० पासून लिहिलेलं. १८९० चा जवळजवळ सगळा वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीनंतर गेला, त्यात तुमचा माणूस नाही म्हणून तो वारला असं धरू नका.

"कोर्टहाउस जळलं, काहीच उरलं नाही." हे ऐकून लोक शोधच सोडतात. इतका उतावीळपणा का? आगीनंतर लोकांनी घरातली खरेदीखतं आणून पुन्हा नोंदवली, शेजारच्या काउंटीत खटले चालू होते, वर्तमानपत्रात वकिलांच्या जाहिराती होत्या. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर कितीतरी रजिस्टरं फुकट आहेत, फक्त नावाने शोधून सगळी सापडत नाहीत, पान पान उलटावं लागतं.

"त्यांनी यँकींची माफी कधीच मागितली नाही." यँकी म्हणजे युद्ध जिंकलेले उत्तरेकडचे, आणि हे वाक्य प्रत्येक घरात. प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या २९ मे १८६५ च्या जाहीरनाम्यात ज्यांची मालमत्ता २०,००० डॉलर्सच्या वर होती आणि ज्यांनी बंडाला साथ दिली होती त्यांना माफीसाठी स्वतः अर्ज करावा लागायचा. हे अर्ज नॅशनल आर्काइव्ह्जमधे आहेत आणि पुष्कळांमधे माणसाने आपल्याच शब्दात आपलं वय, धंदा, युद्धात काय केलं ते लिहिलंय. घरच्या गोष्टीवर विसंबून हा शोध टाळणं म्हणजे त्याचा स्वतःचा जबाब न वाचणं.

आणि आता जे सगळेच टाळतात ते. १८५० आणि १८६० च्या स्लेव्ह शेड्यूलमधे, म्हणजे सेन्ससच्या गुलामांच्या वेगळ्या यादीत, मालकाचं नाव असतं आणि त्याखाली गुलाम माणसं, सहसा नाव नाही, नुसतं वय, लिंग, रंग. पुष्कळ जण ही यादी उघडतच नाहीत, "विषय नको" म्हणतात. वकिलाच्या बाबतीत तर हे अजिबात चालणार नाही, कारण गुलामांची विक्री, गहाण, वारसांमधली वाटणी हे कागद तोच तर करत होता. १८६० च्या सेन्ससमधे त्याची "पर्सनल इस्टेट" जमिनीपेक्षा मोठी दिसली तर तो आकडा बहुधा या माणसांचाच. इस्टेटीच्या इन्व्हेंटरीत त्यांची नावं असतात, पुढे डॉलरमधे किंमत. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं सेन्ससमधे पहिल्यांदा आली ती १८७० मधे, त्यामुळे त्यांच्या वंशजांना त्याआधीचा दुवा मिळाला तर तो अशाच कागदात. म्हणून जावयाने आणि मी ठरवलंय, अशी यादी सापडली की प्रत्येक नाव वयासकट उतरवायचं, सोबत वकीलसाहेबांचं पूर्ण नाव, काउंटी, साल, बुक आणि पान नंबर लिहायचं, आणि ते फॅमिली ट्रीच्या आतल्या फोल्डरमधे न ठेवता सगळ्यांना शोधता येईल असं टाकायचं.