रविवारचं वचन सोमवारी कुठे जातं? बायबल अभ्यासातल्या या चुका टाळा

आमची घरसभा गुरुवारी असते. विक्रोळीत, रात्री साडेआठला. साडेआठ म्हणजे नऊ, कारण निम्मी मंडळी लोकलमधून उतरून थेट येतात, रिकामा डबा पिशवीत वाजत असतो. एक उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, प्रार्थना, मग चहा. इतकी वर्षं हे करताना एक गोष्ट लक्षात आली. आपण वाचत नाही असं नाही. गाडी घसरते ती वचनावरून थेट आपल्या मनाच्या शांतीवर उडी मारताना. मधे माणसं असतात, पैसे असतात, तारखा असतात, ते सगळं आपण गाळतो. खाली लिहिलेल्या चुका मी स्वतः केल्यात. एकदोन अजून करते.

फ्रिजवरचं यिर्मया २९:११

"तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत." मुलाची अ‍ॅडमिशन, नवी नोकरी, वाढदिवस, सगळीकडे हेच वचन, आणि वर्षभर फ्रिजच्या दारावर. वापरायला हरकत काहीच नाही. पण अकरावं वचन दहाव्याला सोडून वापरता येत नाही, आणि दहाव्यात लिहिलंय की हे सगळं बाबेलमधली (म्हणजे बॅबिलोनमधली) सत्तर वर्षं भरल्यावर.

हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने ते पाठवलं. त्यात तो सांगतो: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येतंय. लोकांना हनन्याच आवडला असणार. आपल्यालाही आवडला असता.

मुंबईत हनन्या ओळखायला वेळ लागत नाही. आमच्या गटातल्या एका कुटुंबाने पुनर्विकासासाठी घर रिकामं केलं. "चोवीस महिन्यांत ताबा." आता आठवं वर्ष चालू आहे. भाड्याच्या घरात त्यांनी पहिली चार वर्षं खोकी फोडली नव्हती. भिंतीला खिळा नाही, खिडकीला धड पडदा नाही. मुलीचं लग्न 'नव्या घरातून करू' म्हणून पुढे ढकललेलं. आम्ही एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला त्या रात्री ताई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी आल्या त्या सांगतच: "खोकी फोडली. पुरणयंत्र सापडलं, चार वर्षं शेजारणीकडून मागून आणत होते." ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यात कढीपत्ताही लावला. बिल्डरविरुद्धचं भांडण मात्र त्यांनी सोडलेलं नाही. शहराचं हित पाहा म्हणजे गप्प बसा, असं त्या पत्रात कुठेच नाही.

उपाय साधा आहे: आवडलेल्या वचनाच्या वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचायची. हे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला वचनांचे आकडे घातले रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानदाराने, १५५१ मध्ये. म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने आपली पत्रं स्टेटसच्या मापाने लिहिली नव्हती. दहावीच्या पोरांच्या कंपासपेटीत चिकटवलेलं 'मी सर्व काही करू शकतो', फिलिप्पै ४:१३, हे बंदिवासातल्या याच पौलाचं वाक्य आहे, आणि आदल्याच ओळीत तो भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही तऱ्हांनी राहायला शिकलो असं म्हणतो. गणितात नव्वद पडतील असा त्याचा अर्थ नाही. पंचावन्न पडले तर घरी कसं यायचं, हे मात्र त्यात आहे.

"तुम्हाला काय मिळालं?"

घरसभेतला हा सर्वांत धोक्याचा प्रश्न. उत्तरं ठरलेली: "देव दयाळू आहे", "विश्वास वाढवला पाहिजे". दोन्ही खरी, आणि दोन्ही चहा येईपर्यंत विसरलेली.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घेतला होता तेव्हाही असंच चाललं होतं. धनी पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा बाहेर पडतो, आणि दिवस संपल्यावर सगळ्यांना सारखीच मजुरी, एक दीनार, देतो. "कृपेला हिशोब नसतो" असं कुणीतरी म्हणालं, आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात सुतारकाम करणाऱ्या एका दादांनी विचारलं, "पण पाच वाजेपर्यंत तो माणूस नाक्यावर थांबला कशाला?"

कुणालाच उत्तर सुचेना, म्हणून त्यांनीच सांगितलं. स्टेशनबाहेरच्या नाक्यावर सकाळी आठ-नऊपर्यंत तगडी पोरं उचलली जातात. अकरानंतर जो उरतो, त्याला कळलेलं असतं की आज काम नाही. तरी तो थांबतो, कारण घरी जाऊन सांगायचं काय? दाखल्यात धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. दादा म्हणाले, "हे वाक्य मी बोललोय." त्यानंतर त्या खोलीत दाखला पहिल्यासारखा राहिला नाही.

एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. काही मराठी भाषांतरांत तिथे 'रुपया' असा शब्द येतो, आणि आज रुपया वाचला की सगळी गोष्टच चिल्लर वाटते. तिथे आजच्या बिगाऱ्याचा दिवसाचा भाव घालून वाचा. आणि ती मजुरी संध्याकाळीच हातात पडते, कारण नियमच तसा होता: जुन्या करारातलं लेवीय १९:१३, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नको.

इथे मी अडकले. महिन्याची नऊ तारीख होती. आमचा पगार तीस तारखेला खात्यात येतो, आणि भांड्याला येणाऱ्या मावशींना मी "उद्या देते" असं चार दिवस सांगत होते. अडचण काही नव्हती, एटीएमपर्यंत जायचा कंटाळा. गटात मी यातलं काही बोलले नाही, चहा गाळायला उठले. सकाळी सातला पैसे काढले आणि दारातच मावशींच्या हातात ठेवले. त्यांनी नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "ताई, उद्यापासून येऊ नको का?"

न मागता पैसे मिळाले की कामावरून काढलं, असा त्यांचा अनुभव. त्या अनुभवात माझाही वाटा.

तेव्हापासून आमच्याकडे एक अट आहे: उत्तरात एक नाव, एक वार किंवा एक आकडा असलाच पाहिजे. जकातदार जक्कय लूक १९:८ मध्ये आकड्यांतच बोलतो, निम्मं गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत. येशूने त्याच्याकडे आकडा मागितलाही नव्हता.

याचा अतिरेकही होतो, तो मी केलाय. प्रत्येक उताऱ्यातून कामाची यादी काढायची म्हणजे अभ्यासाचं ऑफिस होतं. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. एका घरात तरुण मुलगा गेला होता, तिथे आम्ही ते वाचलं आणि कुणाला काहीही विचारलं नाही.

नणंदेला पाठवलेलं वचन

सकाळी वाचलेलं पहिल्यांदा कुणाला लागू पडतं? जावेला, नणंदेला, सोसायटीच्या सेक्रेटरीला. मग ते फॅमिली ग्रुपवर पडतं, हात जोडलेल्या चिन्हासकट. दुसऱ्याची बायको हिसकावलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्टा गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, दावीद त्या निर्दय श्रीमंतावर संतापतो आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. गोष्ट ऐकून आपला पारा नेमका कुठे चढला, तिथे थांबून बघावं. ग्रुपवर टाकायचंच असेल तर चोवीस तासांनी टाका. बहुतेक वेळा राहून जातं.

"प्रार्थनेत आठवण ठेवतो"

परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि नातेवाईक मुक्काम करून असतात, हे आपण सगळे बघतो. याकोब २:१५-१६ यावर अगदी कोरडेपणाने बोलतो: उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा' म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर उपयोग काय? प्रार्थना करतो म्हटलं की त्याच फोनवर एक प्रश्न जोडायचा: "डबा कधी आणू?"

जानेवारीतला तक्ता

बायबलात १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून थोडे जास्त. उत्पत्ती झरझर जातं, निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची (देवाच्या तंबूची) मापं सुरू झाली की धाप लागते, आणि फेब्रुवारीत लेवीयला तक्ता मरतो. मग अपराधी वाटून पुढच्या जानेवारीपर्यंत काहीच नाही. त्यापेक्षा मार्क, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, घ्या. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. विरारहून चर्चगेटला स्लो गाडीने जाणाऱ्याचं एका फेरीत वाचून होतं, अर्थात बसायला मिळालं तर.

घरातली दोन बायबलं

आमच्या घरात सासूबाईंचं पवित्र शास्त्र कापडात गुंडाळलेलं, आणि मुलाचं इंग्रजीतलं, फोनमध्ये. दोघं रोज वाचतात, एकमेकांशी त्यावर बोलत नाहीत. त्याला 'नीतिमत्त्व' कळत नाही, त्यांना त्याचं इंग्रजी. उपाय म्हणून रविवारी जेवणानंतर एकच उतारा दोघांनी आपापल्या पुस्तकातून मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं.

परवा त्याने विचारलंच, "आजी, नीतिमान म्हणजे कोण?" त्यांनी लेवीय १९:३६ काढून दाखवलं, खरी तागडी, खरी वजनं. म्हणाल्या, "आपल्या भाजीवाल्यासारखा. तो कधी मापात मारत नाही."

"मग तू त्याच्याकडे वर फुकट कोथिंबीर का मागतेस?"

सासूबाईंनी शास्त्र मिटलं. आता आमच्याकडे कोथिंबीर विकत येते. मिरच्या त्या अजून फुकटच मागतात.