मुलाची पाठ दुखते? आधी त्याचा दिवस तपासा

दहावी-बारावीतलं पोर पाठ धरून बसलं की आपण लगेच दप्तराला दोष देतो. दप्तर बघायला हवंच. शालेय दप्तर धोरण २०२० प्रमाणे त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ४५ किलोच्या मुलीला साडेचार किलो, बस्स. पण दप्तर हलकं करूनही दुखणं राहतं, कारण या वयातली बहुतेक पाठदुखी एकाच कारणाची नसते. बसणं, झोप, खेळ आणि मनावरचा ताण, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे आठवडाभराची नोंद. किती तास बसणं झालं, मोबाईल किती, झोप किती, कधी दुखलं. मुलालाच लिहू द्या. शाळेचं बाक, बसची सीट, दुपारी जेवून लगेच ट्यूशनची खुर्ची आणि रात्री पलंगावर लोळत मोबाईल, हे कागदावर आलं की सांगावं लागत नाही.

मग बसणं मोडा. ‘सरळ बस’ असं दिवसभर ओरडून काही साधत नाही. कितीही ताठ बसलं तरी तासन्‌तास तसंच राहिलं तर पाठ आखडते. दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्यावं, दारापर्यंत चालून यावं. अभ्यास जेवणाच्या टेबलावर होत असेल तर खाली वाकून पाय बघा. लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा.

रोज तासभर घाम येईल असा खेळ किंवा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातले निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे. जूनपासून मैदानं चिखलात जातात आणि फुटबॉल खेळणारी मुलं चार महिने सोफ्यावर येतात. त्या दिवसांत व्हरांड्यात दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार चालतात. मात्र जलदगती गोलंदाजी किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल तर मणक्याला बारीक तडा असू शकतो. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

झोप आठ ते दहा तास. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत.

आता अवघड भाग. ऑस्ट्रेलियात सुमारे ६,५०० किशोरवयीनांच्या अभ्यासात (२०१९) ज्यांना वरचेवर पाठदुखी होती, त्यांच्यात सिगारेट-दारूचं आणि शाळा बुडण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पाठ वारंवार दुखत असेल तर पाठीबरोबर मुलाचीही चौकशी करायला हवी, एवढं मला त्यातून नक्की वाटतं. झडती घेऊ नका. ‘झोप का येत नाही रे? शाळेत कोण त्रास देतं का?’ असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. मन फारच खचलेलं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

एकदा पाठही नीट बघा. उघड्या पाठीने, पाय जुळवून, हात खाली सोडून मुलाला कंबरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागे उभे राहा. एका बाजूची बरगडी किंवा खांदा जास्त वर आलेला दिसला तर कण्याला बाक असू शकतो. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने आठवडेच्या आठवडे देऊ नका.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहणारी ताठरता किंवा काही आठवड्यांत न थांबणारी पाठदुखी असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. गोव्यात म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट न बघता थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या.