नोकरकपातीची यादी लागेपर्यंतचे दिवस कसे काढावेत

दुपारी साडेचारला शेजारच्या डेस्कवरच्या मित्राच्या कॅलेंडरवर एक मीटिंग येऊन पडली. विषय फक्त 'कॅच-अप', पाठवणारं नाव एचआरचं. पाचच्या आत त्याचा लॅपटॉप जमा झाला होता. टेबलावर अर्धा प्यालेला चहा तसाच राहिला होता. त्यानंतरचे अकरा आठवडे माझा फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

हे हिंजवडीतलं. असं वाट बघत बसलेलं माणूस आज पुण्यात सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर सापडेल. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा ज्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता त्यांच्याही घरात त्या रात्री हप्त्यांची बोलणी झाली. माझी कंपनी वेगळी, सालही वेगळं. पण ते वाट बघणं मी पुरतं भोगलंय, म्हणून त्यातून काय उपयोगी पडलं ते क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे स्वतःला भित्रं म्हणणं थांबेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना कॉम्प्युटरवर दगड उलटायला दिले. खाली साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. साप निघेलच याची खात्री असताना माणसं जितकी ताणाखाली होती, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना दिसला. नोकरी जाणार की राहणार हे कळत नाही तेव्हा आपण त्या निम्म्या-निम्म्यावरच उभे असतो. म्हणून 'माझी जाईल का?' या प्रश्नाशी झुंजण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर आपल्या हातात नाही. ज्यांची उत्तरं आजच मिळू शकतात असे छोटे प्रश्न शोधायचे आणि एकेक करून मिटवत जायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी 1: घरी सांगा, आणि या आठवड्यातच सांगा

मी तीन आठवडे सांगितलं नाही. बायकोला कशाला घोर लावायचा, असं वाटत होतं. रात्री दोनला उठून हॉलमध्ये बसायचो, जेवण अर्धं टाकायचो. शेवटी एका रविवारी भांडी आवरता आवरता बोललो. ती हातातला डबा खाली ठेवून रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं अजून गेली नाहीये. तर म्हणाली, "तुला काहीतरी मोठं दुखणं निघालंय आणि तू रिपोर्ट लपवतोयस असं वाटत होतं मला. दोनदा तुझी बॅग तपासली मी." तीन आठवडे ती माझ्याहून मोठी भीती एकटी सांभाळत होती.

घरच्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलेलंच असतं. फक्त काय ते कळलेलं नसतं. सांगताना तीन गोष्टी सांगा: काय ऐकलंय, काय माहीत नाही, आणि नवीन काही कळलं की मी स्वतः सांगेन. शेवटची फार महत्त्वाची. त्यामुळे घरचे रोज संध्याकाळी दारातच "आज काय झालं?" विचारत नाहीत. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर त्यांनाही साध्या शब्दांत सांगावं. बंद दाराआडची कुजबुज त्यांना जास्त घाबरवते. गावाकडच्या आई-वडिलांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आईला सांगितलं, वडिलांना नाही. त्यांचं ब्लडप्रेशर पाहता ते बरोबरच होतं असं मला अजून वाटतं.

पायरी 2: किती महिने तग धरू शकतो, तो आकडा कागदावर काढा

रात्री मनात जो आकडा फिरत असतो त्याला आकार नसतो, म्हणून तो राक्षसासारखा वाटतो. घरात हिशोबाची वही असेल तर तीच घ्या. आमचं पान असं होतं: गृहकर्जाचा हप्ता 34,000, किराणा-दूध-भाजी 14,000, शाळा 7,000, वीज-गॅस-मेंटेनन्स-इंटरनेट 6,500, आई-वडिलांची औषधं 3,500, पेट्रोल 3,000. बेरीज 68,000. बाहेरचं जेवण, सहल, नवीन फोन यात धरायचं नाही. बचत खातं आणि मोडता येणारी एफडी मिळून 3,74,000 होते. भागाकार केला तर साडेपाच महिने.

साडेपाच महिने. मी मनात धरून बसलो होतो की दोन महिन्यांत रस्त्यावर येऊ. तुमचा आकडा कदाचित दीड महिना येईल, तरीही काढा. दीड महिना असेल तर आजपासून काय थांबवायचं हे ठरवता येतं: म्युच्युअल फंडातली एखादी एसआयपी काही महिने थांबवणं, गाडी बदलायचा बेत पुढे ढकलणं, सोनं कुठे आणि किती आहे ते बघून ठेवणं.

यात पीएफ धरू नका, तो शेवटचा आधार. ग्रॅच्युइटी मात्र वेगळ्या ओळीत लिहा. सलग 5 वर्षं झाली असतील तर ती तुमच्या हक्काची आहे, काढून टाकलं तरी आणि राजीनामा दिला तरी. ढोबळ हिशोब असा: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक 40,000 आणि 7 वर्षं असतील तर साधारण 1,61,500 रुपये.

हप्ता चुकेल असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेत जा. सलग 90 दिवस थकलं की कर्ज बुडीत धरलं जातं; त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी होऊ शकतात. क्रेडिट कार्डावर घर चालवायची वेळ मात्र येऊ देऊ नका.

पायरी 3: कागद गोळा करा

हे एका शनिवारचं काम आहे. नाव यादीत आलं की लॅपटॉपचं लॉगिन काही मिनिटांत बंद होऊ शकतं, आणि मग पगाराची स्लिप मागायला सुद्धा मेल करत बसावं लागतं. म्हणून ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीची पत्रं, शेवटच्या किमान सहा महिन्यांच्या स्लिप, फॉर्म 16 हे सगळं स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. फक्त आपले कागद. कंपनीचा कोड, क्लायंटची फाइल यांना हात लावू नका, त्याने उलट अडकाल. यूएएनला, म्हणजे पीएफच्या नंबरला, तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर, आधार आणि चालू बँक खातं जोडलेलं आहे ना, तेही तेव्हाच बघा.

आणि विमा. याबद्दल मी जरा जोर देऊनच सांगेन, कारण हे नेमकं सगळे विसरतात. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःच्या नवीन पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले 30 दिवस काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे पगार चालू आहे तोवरच पॉलिसी घेतलेली बरी. कंपनीच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही नोकरीवर असतानाच विचारा. घरात शुगर-बीपीचं माणूस असेल तर हे काम सगळ्यात आधी.

पायरी 4: काळजीला वेळ नेमून द्या

'काळजी करू नको' हा सल्ला कुणालाच जमलेला नाही. त्याऐवजी काळजीला जागा आणि वेळ ठरवून द्यायची. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही रीत तपासून मांडली: दिवसाचा ठरलेला अर्धा तास, ठरलेली जागा. एरवी विचार आला की एका ओळीत लिहून ठेवायचा आणि म्हणायचं, संध्याकाळी बघू.

माझी वेळ साडेसहा ते सात, जागा सोसायटीच्या बागेतला पिंपळाजवळचा बाक. घरातला सोफा किंवा पलंग निवडू नका, मग तिथे बसलं की तेच सुरू होतं. पहिले चार-पाच दिवस विचार दिवसभर येतच राहिले. नंतर गंमत अशी झाली की संध्याकाळी चिठ्ठी उघडून बघितली की निम्म्या ओळी शिळ्या वाटायच्या. उरलेल्यांपैकी जिच्यावर काही करता येईल तिच्यापुढे उद्याचं एक काम लिहायचो. बाकीच्या तशाच सोडायचो.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांचंही तसंच. 'शुक्रवारी तीनशे जण', 'बेंचवाल्यांना पहिले', 'पीआयपीवाले संपले' असे मेसेज दिवसभर येतात. (बेंचवाले म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेले, पीआयपीवाले म्हणजे काम सुधारायला मुदत दिलेले.) त्यातलं किती खरं ठरलं हे मी पंधरा दिवस लिहून पाहिलं. एकही तारीख जुळली नाही. ग्रुप म्यूट करा, दिवसातून दोनदा बघा आणि झोपायच्या आधी तर उघडूच नका.

पायरी 5: शरीराकडे बघा

मन गप्प बसवलं तरी शरीर बोलतं: पित्त, खांदे आखडणं, छातीत धडधड. श्वास सावकाश केला की ते उतरतं. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर सोडणं लांबवणं हे त्यातलं मुख्य. मी हे कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये करायचो.

रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ आणि फोन हाताशी नको. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. आणि रोज अर्धा तास चालणं, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये.

छातीत दुखलं, डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम आला तर 'टेन्शनने असेल' म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी काढा. दोन आठवडे सलग झोप नाही, अन्न जात नाही, पिणं वाढलंय, किंवा आपण नसलेलं बरं असं मनात यायला लागलंय, तर हे एकट्याने निभावायचं काम नाही. 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातलं माणूसही तुमच्या वतीने विचारू शकतं.

पायरी 6: बाहेर चाचपणी सुरू करा, पण घाईत राजीनामा नको

'एकदाचा मीच देतो आणि सुटतो' असं फार वाटतं. थांबा. कंपनीने काढलं तर जे पैसे मिळू शकतात, त्यातले बरेच स्वतःहून सोडल्यावर मिळत नाहीत. आठवड्याला पाच जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. "नोकरी आहे का?" असं विचारलं की समोरचा अवघडतो. "तुमच्याकडे सध्या कुठल्या कामाला माणसं घेतायत?" असं विचारलं की दहा मिनिटं बोलतो.

पायरी 7: खिशात एक चिठ्ठी ठेवा

बोलावणं आलंच तर त्या खोलीत डोकं चालत नाही. म्हणून आधीच सहा प्रश्न लिहून ठेवा: शेवटचा दिवस कोणता? नोटीस पिरियडचा पगार आणि त्यावर किती? शिल्लक रजांचे पैसे? ग्रॅच्युइटी कधी? मेडिक्लेम कुठल्या तारखेपर्यंत? रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, किती दिवसांत? खाली एक वाक्य मोठ्या अक्षरात: 'मला हे मेलवर पाठवा, मी वाचून उद्या सही करतो.' समोर राजीनाम्याचा कागद ठेवला तरी हेच वाक्य. आवाज चढवायचा नाही, सहीही करायची नाही. कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवायला तेवढा दिवस पुरतो.

माझी चिठ्ठी बसच्या पासच्या मागे होती. बाराव्या आठवड्यात, मंगळवारी, 'कॅच-अप' आली. खोलीत मॅनेजर आणि एचआरची एक मुलगी, पंचविशीची असेल. मी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि एकेक प्रश्न वाचला. ती प्रत्येक उत्तर लिहून घेत होती आणि तिचाही हात थरथरत होता. पाच उत्तरं तिथेच मिळाली. मेडिक्लेमची तारीख तिला माहीत नव्हती, ती गुरुवारी मेलवर आली. बाहेर आल्यावर जिन्यातूनच बायकोला फोन केला. ती म्हणाली, "सही नाही ना केलीस? मग ये घरी."