मुंबईत आलिशान ईव्ही चालवताय? या चुका टाळा

कोटी-दीड कोटीची इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो तो एका चार्जमध्ये किती जाते याचा. मुंबईत रोजच्या वापराला हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे. कुलाब्याहून बोरिवलीला जाऊन परत आलात तरी शंभर किलोमीटर भरत नाहीत. खरी कटकट दुसरीकडेच असते. या गाड्या आखल्या गेल्या त्या स्वतः चालवणाऱ्या आणि स्वतःच्या गॅरेजात लावणाऱ्या मालकासाठी. आपल्याकडे तीच गाडी ड्रायव्हर, व्हॅलेट, पहाटे बादली घेऊन येणारा गाडी धुणारा, वॉचमन आणि सोसायटीचा इलेक्ट्रिशियन अशा सगळ्यांच्या हातांतून जाते. मॅन्युअल वाचतो एकटा मालक, तेही वाचलंच तर.

इंडिकेटर द्यायला गेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये

मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये स्टिअरिंगच्या उजव्या बाजूची दांडी ही गिअरची असते. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या दांडीवर. वर्षानुवर्षं इनोव्हा किंवा होंडा सिटी चालवलेल्या ड्रायव्हरचा हात इंडिकेटरसाठी सवयीने उजवीकडेच जातो. वांद्रे-वरळी सी लिंकवर लेन बदलताना त्याने ती दांडी हलवली की गाडी न्यूट्रलमध्ये जाते आणि ॲक्सिलरेटर दाबूनही पुढे ओढत नाही. अशा वेळी घाबरून कचकन ब्रेक मारणं सगळ्यात वाईट, कारण मागून टॅक्सी येतच असते. ॲक्सिलरेटर सोडायचा, तीच दांडी खाली दाबून पुन्हा डी लावायचा, बस्स. नवा ड्रायव्हर ठेवलात तर पहिला अर्धा तास सोसायटीच्या आवारातच घालवा. व्हॅलेटला किल्ली देताना "दादा, उजवीकडे गिअर आहे हां" एवढं तरी सांगा.

स्क्रीनचंही तसंच. टेस्ला मॉडेल वायमध्ये एसीच्या हवेची दिशाही बोटाने स्क्रीनवर सरकवून बदलावी लागते, ग्लोव्ह बॉक्सही स्क्रीनवरूनच उघडतो. दिसायला झकास, पण जुलैच्या पावसात मेनू शोधत बसणं म्हणजे रस्त्यावरून नजर हटवणं. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनसीएपी या युरोपातल्या संस्थेने २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हझार्ड यांना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय, ते उगाच नाही. तुमच्या गाडीत अशी बटणं नसतील तर वायपर आणि काचेवरची वाफ घालवण्याची सेटिंग्ज निघण्याआधीच हाताशी आणून ठेवा.

चार्जरचा लाल दिवा आणि इलेक्ट्रिशियनची हुशारी

गाडीसोबत आलेली केबल पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली आणि लाल दिवा लागला, की लोक थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. बहुतेक वेळा गाडी ठीक असते. केबल आधी अर्थिंग तपासते आणि जुन्या इमारतींमध्ये ते एक तर नसतं किंवा गंजून गेलेलं असतं. मग इलेक्ट्रिशियन येतो, सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थिंग एका छोट्या वायरीने जोडतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. हे अजिबात होऊ देऊ नका. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला तर त्याच वायरीतून गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि पहाटे ओल्या हातांनी त्या पत्र्याला हात लावणारा गाडी धुणारा असतो. स्वतंत्र अर्थिंग खड्डा, योग्य जाडीची वायर आणि आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढं करून घ्याच.

शिवाय त्या सॉकेटमधून तासाला जेमतेम तीन युनिट मिळतात. ईक्यूएस ५८०ची बॅटरी १०७.८ युनिटची. रिकामी असेल तर भरायला दीड दिवस! ७.४ किलोवॉटचा वॉल चार्जर तेच काम साधारण पंधरा तासांत करतो. बेस्ट असो, अदानी असो की टाटा पॉवर, ईव्हीसाठी वेगळा मीटर मिळतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडण्यापेक्षा तो अर्ज आधी करा.

केबल अडकली तर ओढाओढ नको. बऱ्याच गाड्यांत दारं लॉक असली की चार्जिंगचा प्लगही लॉक राहतो, म्हणून आधी गाडी अनलॉक करा. तरीही सुटली नाही तर हाताने सोडवायची दोरी बऱ्याचदा डिकीच्या आतल्या अस्तरामागे असते.

पझल पार्किंगची पाटी कुणीच वाचत नाही

टॉवर किंवा पझल पार्किंगमध्ये यंत्र गाडी उचलून वर ठेवतं; ती ज्यावर उभी राहते त्या पॅलेटवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. जुन्या यंत्रांवर ती बरेचदा २००० किलो असते. ईक्यूएस किंवा बीएमडब्ल्यू आय७ अडीच टनांच्या वर जाते. मोकळ्या पार्किंगमध्ये याने काही बिघडत नाही, पझल पार्किंगमध्ये मात्र गाडी वर अडकली तर सोसायटी आणि विमा कंपनी दोघेही त्या पाटीकडे बोट दाखवतील. बुकिंगच्या आधी पाटीचा फोटो काढा.

तळघरात मोबाइलला रेंज नसते, हेही ध्यानात ठेवा. फोनमधून नेटवर चालणारं अनलॉक तिथे चालत नाही आणि मॉलमधला ॲपवर चालणारा चार्जरही सुरू होत नाही. खरी किल्ली किंवा कार्ड खिशात असू द्या.

एवढी मोठी बॅटरी आणि गाडी मेलेली

विमानतळावर आठवडाभर गाडी उभी, परत येऊन बघता तर दारसुद्धा उघडत नाही. दोष बहुधा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. कुलपं, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ती जोडणारा स्विच या छोटीशिवाय पडत नाही. बऱ्याच किल्ल्यांच्या पोटात लोखंडी किल्ली लपवलेली असते, पण आत सपाट बसणाऱ्या हँडलमध्ये तिचं भोक कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. मॉडेल वायचं पुढचं झाकणही विजेवरच उघडतं, म्हणून पुढच्या बंपरवरच्या टो हुकच्या झाकणामागे दोन वायरी दिल्यात. बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी त्यांना लावली की ते झाकण उघडतं. गाडी बरेच दिवस उभी ठेवून जाताना तिच्या कॅमेऱ्यांची पहारेदारी बंद ठेवा. आतून दार उघडायची हाताची कळ कुठे आहे, ते तर घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

पंक्चर आणि घाट

यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. रस्त्यावरचा पंक्चरवाला जॅक जिथे जमेल तिथे लावतो, आणि इथे मधल्या भागाखाली सगळी बॅटरीच असते. तिच्या खोक्याला पोचा पडला तर खर्च टायरचा राहत नाही. जॅक लावायच्या चार जागा ड्रायव्हरला दाखवा आणि जॅकवर ठेवायचा रबरी ठोकळा डिकीत ठेवा.

लोणावळ्याहून मुंबईला उतरताना बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. उतारावर मोटर गाडी आवरता आवरता वीज बनवते, ती भरलेल्या बॅटरीत मावत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि खंडाळ्याच्या वळणावर चालवणारा दचकतो. ऐंशीला थांबा. खोपोलीपर्यंत आकडा बहुधा थोडा वरच गेलेला दिसेल.