लेकराने काही सांगितलं तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तक्रार कशी करायची

समजा पोरगं येऊन म्हणालं की अमुक काका मोबाईलवर घाणेरडं दाखवतात, तर आधी ओरडू नका आणि एकामागून एक प्रश्न विचारू नका, पोरं आपला चेहरा बघत असतात आणि तिथंच गप्प होतात. "बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा. मग ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून, आपली भर न घालता. अत्याचार नुकताच झाला असेल तर लगेच आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. चॅट डिलीट करू नका, आणि मुलाचे तसले फोटो कुणालाच फॉरवर्ड करू नका, तो स्वतःच गुन्हा होतो.

पोक्सो कायदा २०१२ चा, १८ वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी दोघांनाही लागू. नुसता हात लावला तरच गुन्हा असं नाही, वाईट हेतूने अश्लील दाखवणं, सतत पाठलाग करणं, मेसेज करत राहणं हेही त्यात येतं.

तक्रार आईवडिलांनीच करायची असं काही नाही, शेजारी, शिक्षक, डॉक्टर कुणीही करू शकतं, उलट माहीत असून कळवलं नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, नाहीतर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीच्या मदतीचा नंबर) ला फोन लावा. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी तक्रार) मागा, एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

मुलाला ठाण्यात नेलंच पाहिजे असं नसतं हे लई जणांना माहीत नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता, आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसू शकतं. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार, आणि एफआयआर अजून झाली नसली तरी तपासणी अडवता येत नाही.

नाव बाहेर येईल ही भीती सगळ्यांना असते, पण मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायला मीडियाला बंदी आहे. कोर्टातही आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करावी लागते, पडदा किंवा व्हिडिओ लिंक. आणि घरातलाच माणूस आहे, आपसात मिटवू म्हणणारे हमखास भेटतील, त्यांचं ऐकू नका, तो माणूस उद्या दुसऱ्या लेकराजवळ बसलेला असतो.