एमबीपीएस, पिंग, एफयूपी, व्होल्टी: प्लॅन घेताना आणि तक्रार करताना हे शब्द माहीत असू द्या

कस्टमर केअरला फोन लावून "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं की पलीकडून उत्तर ठरलेलं असतं, राउटर बंद करून परत चालू करा. कारण "स्लो" यातून त्यांनाही काही कळत नाही. तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप, मग वायफाय, मग राउटर, मग घरापर्यंत आलेली लाइन, मग कंपनीचं पुढचं नेटवर्क आणि शेवटी तो सर्व्हर जिथून व्हिडिओ येतोय, एवढे टप्पे मध्ये असतात. टेलिकॉममधला जवळपास प्रत्येक शब्द यातल्या कुठल्यातरी एकाच टप्प्याबद्दल बोलत असतो. तो टप्पा कुठला हे ओळखता आलं की प्लॅनची जाहिरातही नीट वाचता येते आणि तक्रारही नीट करता येते, त्यामुळे खाली प्रत्येक शब्द त्याच नजरेने बघूया.

सगळ्यात जास्त घोळ एमबीपीएसचा. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड करताना स्क्रीनवर ११ किंवा १२ एमबी दिसतंय, म्हणजे कंपनीने फसवलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, कंपनी स्पीड त्यात सांगते आणि फाइलची साइज मेगाबाइटमध्ये असते, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० ला ८ ने भागा, साडेबारा आले. त्यातला थोडा भाग डेटासोबत जाणाऱ्या पत्त्याबित्त्यात खर्च होतो, म्हणून ११-१२ दिसत असेल तर लाइन पूर्ण स्पीड देतेय असं समजा. २ जीबीची फाइल असेल तर हिशोबाने १६० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांच्या आत उतरायला हवी. हा भागाकार एकदा डोक्यात बसला की कुठलाही प्लॅन बघून आपल्याला खरंच किती मिळणार ते लगेच कळतं.

जाहिरातीत आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात "पर्यंत" लिहिलेलं असतं तेही वाचा, तो वरचा टोकाचा आकडा आहे, कायम मिळणारा नाही. आणि तो बहुतेक वेळा फक्त डाउनलोडचा असतो, अपलोड किती हे वेगळं विचारावं लागतं. व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा समोरच्याला फुटका दिसतोय पण तुम्हाला तो स्पष्ट दिसतोय, असं होत असेल तर अपलोड कमी पडतंय. घरून काम असेल, मुलांचे ऑनलाइन क्लास असतील तर दोन्ही बाजूंना सारखा स्पीड देणारा प्लॅन मिळतो का ते आधी विचारा, त्याला सिमेट्रिक म्हणतात. माझ्या मते नुसता डाउनलोडचा आकडा वाढवण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

आता पिंग, म्हणजेच लेटन्सी. तुमच्याकडून डेटा निघाला आणि उत्तर परत आलं याला लागलेला वेळ, तो मिलिसेकंदात मोजतात. स्पीड भरपूर आणि पिंगही भरपूर असं असू शकतं, आणि तेव्हा डाउनलोड झक्कास होतं पण कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात, गेममध्ये बटण दाबल्यावर उशिरा काहीतरी होतं. सॅटेलाइट नेटचं उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर वर असतात, तुमची रिक्वेस्ट वर जाते, खाली येते, उत्तर परत वर जाऊन खाली येतं, म्हणजे एकूण १ लाख ४० हजार किलोमीटरच्या वर प्रवास झाला. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गेलं तरी जवळपास अर्धा सेकंद तिथेच गेला, आणि कितीही महाग प्लॅन घेतला तरी तो कमी होणार नाही. बरेच नवीन उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात म्हणून त्यांचं पिंग एवढं कमी असतं. त्यामुळे सॅटेलाइट कनेक्शन घेताना एमबीपीएसच्या आधी उपग्रह किती उंचीवरचा ते विचारा.

जिटर म्हणजे पिंग सारखं वरखाली होणं, आणि पॅकेट लॉस म्हणजे डेटाचे तुकडे वाटेतच हरवणं. पिंग ६० असेल आणि ६० वरच टिकत असेल तर कॉल छान होतो, पण एकदा २० एकदा २०० असं होत असेल तर आवाज तुटणारच. यात एक गंमत तपासून बघा, घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप लावला असेल तेव्हा पिंग टेस्ट करा आणि तो थांबवून परत करा, फरक मोठा आला तर अपलोड भरून गेल्यामुळे बाकी सगळ्यांची रांग लागतेय. बॅकअप रात्री लावा, प्रश्न तिथेच मिटतो, प्लॅन बदलायची गरज नाही.

स्पीड टेस्ट कशी करायची हे नीट सांगते कारण बहुतेक जण बेडरूममध्ये पडल्यापडल्या मोबाइलवर करतात आणि तो आकडा कंपनीला सांगतात, पण तो तुमच्या वायफायचा आकडा आहे, लाइनचा नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला लावा, बाकीच्यांचं वायफाय थोडा वेळ बंद करा, आणि मग टेस्ट करा, सकाळी एकदा आणि रात्री गर्दीच्या वेळी एकदा. केबलवर पूर्ण येतंय आणि वायफायवर येत नाही म्हणजे दोष घरातला. केबलवरही कमी येतंय तर लाइनचा किंवा पुढचा. आणि २०० चा प्लॅन असून केबलवर आकडा दरवेळी ९४ च्या आसपासच अडकत असेल तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, १०० एमबीपीएसचंच आहे, नाहीतर केबल जुनी किंवा आतून तुटलेली आहे, तेव्हा आधी केबल बदलून बघा. रात्रीच पडत असेल तर एकच लाइन बऱ्याच ग्राहकांत वाटली गेलीय, त्याला कंटेन्शन म्हणतात, आणि तक्रार लिहिताना हेच लिहायचं: "प्लॅन १०० चा, लॅन केबलवर टेस्ट केली, सकाळी ९५, रात्री दहा वाजता १२, सलग चार दिवस, स्क्रीनशॉट जोडलेत." अशा तक्रारीला राउटर रिस्टार्ट करा हे उत्तर देता येत नाही. तक्रार नंबर मात्र मागून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका.

वायफायचं म्हणाल तर बहुतेक राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, असतात. २.४ भिंतींतून जास्त लांब जातं पण हळू आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायमुळे गजबजलेलं, ५ वेगवान पण दोन भिंती मध्ये आल्या की दमतं. टीव्ही राउटरजवळ असेल तर तो ५ वर जोडा. हा ५ गिगाहर्ट्झ आणि मोबाइलमधला फाइव्ह जी यांचा काडीचाही संबंध नाही, राउटरवर ५जी लिहिलेलं दिसलं म्हणून फसू नका.

फायबर कनेक्शन असेल तर जिथे ती बारीक वायर येऊन लागते तो डबा म्हणजे ओएनटी, उजेडाचा सिग्नल तो नेटमध्ये बदलतो, आणि राउटर ते घरभर वाटतो, हल्ली दोन्ही एकाच डब्यात असतात. त्यावर एलओएस नावाचा लाइट असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून उजेडच येत नाहीये, वायर कुठेतरी तुटली किंवा फार दुमडली गेली. मागे कपाट सरकवलं होतं का, वायर दाबली गेली का बघा. ती काढून तिच्या टोकात मात्र डोळा लावून बघू नका, त्यात लेझर असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. तसं काही नसेल तर "एलओएस लाल आहे" एवढं सांगा, लाइनमन पाठवावाच लागतो.

एफयूपी म्हणजे ठरलेला डेटा संपला की स्पीड खाली आणायची अट. "अनलिमिटेड" प्लॅनमध्येही ती असते, नेट बंद होत नाही पण नंतर किती स्पीड राहतो ते बघा. समजा ६४ केबीपीएस लिहिलंय, म्हणजे सेकंदाला ८ केबी, म्हणजे ४ एमबीचा एक फोटो उतरायला ५०० सेकंद, आठ मिनिटांच्या वर. व्हिडिओ तर विसराच. म्हणून प्लॅन तुलना करताना एफयूपी नंतरचा आकडा आधी वाचा.

मोबाइलकडे वळूया. स्क्रीनवरच्या काड्यांवर फार विश्वास ठेवू नका, किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये असतो, अँड्रॉइडमध्ये अबाउट फोन मधल्या सिम स्टेटसमध्ये सापडतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर जीवर उणे ८५ म्हणजे मस्त, उणे ११५ म्हणजे कॉल तुटायची तयारी. घरात खिडकीजवळ आणि आतल्या खोलीत दोन्हीकडे बघा, सिम बदलायचं की नुसतं बसायची जागा बदलायची ते कळेल.

व्होल्टी म्हणजे कॉल फोर जीच्या डेटावरूनच जाणं. ते बंद असेल तर कॉल आला की फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि नेट मंदावतं किंवा थांबतं, आणि जिथे जुनी नेटवर्क बंद केलीत तिथे कॉलच लागत नाही. वायफाय कॉलिंग हा त्याचाच भाऊ, घरात सिग्नल नाही पण वायफाय आहे अशांनी तर हे सेटिंग आजच चालू करा, बरेच जण वर्षानुवर्षं गॅलरीत उभं राहून बोलतात आणि हे बटण फोनमध्येच असतं. फाइव्ह जीमध्ये एनएसए आणि एसए असे दोन प्रकार ऐकाल, एनएसएमध्ये फाइव्ह जी फोर जीच्या आधाराने चालतं आणि एसएमध्ये स्वतःच्या पायावर, तेव्हा नवीन फोन घेताना तो दोन्ही आणि तुमच्या कंपनीचे बँड पकडतो का हे विचारा.

आयएमईआय हा फोनचा १५ अंकी नंबर, *#०६# दाबलं की दिसतो, तो लिहून फोनबाहेर ठेवा कारण फोन चोरीला गेल्यावर तोच लागतो. सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम परत उघडायचा कोड, मागतं, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं गेलं, म्हणून अंदाजाने टाकत बसू नका, कंपनीकडून घ्या. चांगल्या रेंजमध्ये असताना सिमचं नेटवर्क अचानक पूर्ण गेलं आणि बराच वेळ आलं नाही तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा, कोणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं, ओटीपी तिकडे जातात. तसंच कोणी फोनवर स्टार आणि हॅशवाला कोड दाबायला सांगितलं तर दाबू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येतात. शंका आलीच तर बहुतेक नेटवर्कवर *#२१# ने कॉल वळवलेत का दिसतं आणि ##००२# ने सगळे वळवलेले कॉल रद्द होतात.

मराठीत एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी एक. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "नमस्कार" आपल्याला चार अक्षरी दिसतो पण फोन तो सात मोजतो. त्याच्या पुढे गेलं की एका मेसेजचे दोन, तीन होतात आणि पैसेही तेवढ्यांचे, तेव्हा लिहिताना कोपऱ्यातला तो छोटा आकडा बघत जा.

राहिला सीजीनॅट. आयपी म्हणजे नेटवर प्रत्येक कनेक्शनला लागणारा पत्ता, आणि जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकूण जेमतेम ४२९ कोटी, ते पुरत नाहीत म्हणून कंपनी एक पत्ता बऱ्याच ग्राहकांना मिळून देते. नुसतं बघणं, वाचणं, कॉल करणं यात काहीच फरक पडत नाही. पण घरचा कॅमेरा रेकॉर्डर बाहेरून थेट उघडायचा असेल, स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर अडतं. राउटरच्या सेटिंग पेजवरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, आणि ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधल्यावर येणारा आयपी जुळवून बघा, वेगळे असतील तर तुम्ही बहुतेक सीजीनॅटमागे आहात, मग कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, मागा किंवा आयपीव्ही६, म्हणजे नवीन पद्धतीचे पत्ते, चालू आहे का विचारा.